पराना: एक जनुक, एक गाठ

ब्राझीलच्या दक्षिणेला पराना नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी कुरितिबा. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या पुढ्यात अधूनमधून एक अजब रुग्ण येऊन बसायचा. वय दोन-तीन वर्षं, पण आवाज घोगरा. तोंडावर मुरमं, जांघेत केस, घामाला मोठ्या माणसासारखा वास. मुलांपेक्षा मुलीच जास्त.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात गाठ झाली की पुरुषी संप्रेरकं भसाभस तयार होतात, आणि लहान लेकरू वेळेआधीच वयात येऊ लागतं. जगात हा आजार इतका दुर्मीळ, की पंधरा वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला एकसुद्धा रुग्ण सापडत नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये मात्र तीन ते चार.

पराना शेतीचा मुलूख. त्यामुळे पहिला संशय गेला कीटकनाशकांवर. गंमत म्हणजे या कॅन्सरवर दिलं जाणारं मायटोटेन हे औषधच रासायनिक नात्याने डीडीटीच्या घराण्यातलं!

२००१ साली उलगडा झाला. तपासलेल्या ३६ मुलांपैकी ३५ जणांच्या टीपी५३ या जनुकात बदल होता, आणि तोही सगळ्यांत नेमका एकाच जागी. आर३३७एच हे त्याचं नाव. तो आई किंवा वडिलांकडून आलेला होता.

टीपी५३पासून बनणारं प्रथिन बिघडलेल्या पेशीचं विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. हे जनुक जन्मतःच सदोष असेल तर लि-फ्राउमेनी सिंड्रोम होतो. अशा घरांत ऐन तरुणपणी, कधी बालपणीच, एकामागून एक कॅन्सर निघतात. परानातल्या या मुलांच्या घरी तसं काही दिसेना. तोच बदल घेऊन कित्येक आजी-आजोबा धडधाकट म्हातारे झाले होते.

असं का, याचं उत्तर त्या प्रथिनाच्या घडणीत आहे. चार रेणू एकमेकांना धरून राहिले तरच ते काम करतं. प्रथिनाच्या साखळीत ३३७व्या जागी आर्जिनीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन हे दुसरं आलं की ही पकड सैल होते, पण सतत नाही. पेशीतला सामू (पीएच) किंचित वाढला तरच चौकडी फुटते. एरवी निभावून जातं.

एवढ्या लोकांत हा बदल आला कुठून? बहुतेकांच्या गुणसूत्रांचा आसपासचा तुकडाही सारखाच निघाला. म्हणजे मूळ पूर्वज एकच असावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रिओ ग्रांदे दो सुलपासून साओ पावलोपर्यंत खेचरांचे तांडे हाकणारे ‘त्रोपेइरो’ होते, आपल्याकडच्या लमाणांसारखे. आज या बदलाचे वाहक त्याच वाटेवरच्या गावांत जास्त सापडतात. त्यामुळे तो एखाद्या त्रोपेइरोनेच वाटेवर पसरवला असावा, असा अंदाज आहे. पुरावा म्हणावा असं हाती काही नाही, पण नकाशा समोर ठेवला की पटतं.

पुढे परानात नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर ही तपासणी झाली. १,७१,६४९ बाळांपैकी ४६१ वाहक निघाली. त्यांतल्या बहुसंख्य मुलांना ही गाठ कधीच होणार नाही. मग जन्मतःच घरच्यांच्या जिवाला घोर कशाला, असा आक्षेप आला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. तरी माझं मत तपासणीच्या बाजूने. ही गाठ सोनोग्राफीत दिसते. ती लहान असताना, न फुटता, अख्खी काढता आली तर मूल बहुधा बरं होतं. पसरल्यावर मायटोटेनच्या भरवशावर फारसं राहता येत नाही.

२०२० साली आणखी एक धागा हाती आला. टीपी५३च्या जवळच, त्याच सतराव्या गुणसूत्रावर, एक्सएएफ१ नावाचं जनुक आहे. तेही पेशीला मरायला लावण्यात टीपी५३ला साथ देतं. आर३३७एच असलेल्या अनेकांत हे जनुकही अर्धवट तुटलेलं असतं. दोन्ही इतकी लागून असल्याने जोडीनेच पुढच्या पिढीत उतरतात. ज्यांच्याकडे ही जोडी आहे, त्यांच्यात सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचा कॅन्सर) आणि एका कॅन्सरनंतर दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून रिपोर्टवर आर३३७एच दिसलं, की आता पुढचा प्रश्न येतो: एक्सएएफ१ शाबूत आहे का?