दोन केसपेपर

नमस्कार श्रोतेहो,

यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला माग बंद पडला की चुकल्यासारखं होतं, असं आपल्या सोलापुरात म्हणतात. मी ज्या दादांबद्दल बोलणार आहे, त्यांना माग बंद झाल्यावरही आवाज यायचे. माणसांचे. नाव घेऊन शिव्या देणारे. क्वार्टर पोटात गेली की ते आवाज दबतात, हा त्यांचा स्वतःचा शोध.

त्यांची बायको पूर्व भागात घरी बिड्या वळते. मी समाजकार्यकर्ती, ती पहिल्यांदा आली तेव्हा पिशवीत दोन केसपेपर होते. एका ठिकाणी सांगितलं होतं, आधी दारू सोडा, मग मनाचं बघू. दुसरीकडे, आधी डोकं ताळ्यावर आणा, मग दारूचं. "हजार बिडी पुरी करू का ह्यांना घेऊन फिरू ओ ताई?" मला उत्तर सुचेना. बिडीचा कट्टा बांधायच्या दोऱ्यानं तिनं दोन्ही कागद एकत्र बांधले होते. उपचारही असाच बांधायचा असतो. दोन्ही दुखणी एकाच वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानं तर दारू-नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येतच घेतलंय. पण खिडकीवर बसलेल्या माणसापर्यंत कायदा पोचायला वेळ लागतो.

आमच्या कामात औषध देणं नसतं, विचारणं असतं. "का पिता?" म्हटलं की माणूस मान खाली घालतो. मी विचारलं, "प्यायल्यावर काय थांबतं?" तिसऱ्या भेटीत दादा बोलले, "ती बाई गप बसती." इतकी वर्षं घरात कुणाला त्या बाईचा पत्ताच नव्हता. सगळ्यांना दिसत होती फक्त बाटली.

दोन गोष्टी मात्र घाईनं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भिंतीवर मुंग्या दिसणं, भ्रम असं होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. हे दवाखान्यात करायचं काम आहे. आणि 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून भाजीत पावडर कालवू नका. दारू सोडवणाऱ्या काही औषधांवर दारू पडली तर रक्तदाब घसरतो, माणूस कोसळतो. शिवाय कळलं की तो तुमच्या हातचं जेवणार नाही, ते वेगळंच.

दादांचे दोन्ही उपचार सुरू झाल्यावर चार महिने बरे गेले. मग गड्ड्याच्या जत्रेत जुने सोबती भेटले. रात्री दादांच्या बायकोचा, म्हणजे ताईचा फोन, "तोंडाला वास हाय. आवाजाची गोळी देऊ का नको?" खरं सांगू, मला बरं वाटलं. आधीची ताई गोळ्यांची पट्टी उकिरड्यात फेकून माहेरी गेली असती. मी म्हटलं, तुमच्या-माझ्या मनानं नको, डॉक्टरांना विचारू. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर हजर. दादा गप्प होते, पण आले होते.

तुमच्या घरात असं असेल तर टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. व्यसनासाठी १४४४६. कागद हाताशी नसेल तर बिडी कार्डाच्या मागं लिहा. ताईनं तिथंच लिहिलाय.