पान, फुलोरा आणि मिलिग्रॅम

मंडळी, आपल्या देशात कॅनॅबिसच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या, झाडाचे कायद्याने तुकडे केले आहेत. आजच्या चर्चेची सुरुवात या तुकड्यांपासूनच करू, कारण 'गांजा कायदेशीर करावा की करू नये' हा वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना यातला कुठला तुकडा आजही कायदेशीर आहे हे ठाऊक असतं.

1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा बघा. फुलं-फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. झाडातून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. या दोन्हींवर बंदी आहे. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. ही सवलत 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येतूनच आली आहे. त्यामुळे काही राज्यांत पानांपासून केलेल्या भांगेची परवानाधारक दुकानं चालतात. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी अधिनियमाचा वेगळा अडसर आहे. इथे परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. शिवरात्रीच्या थंडाईला सगळीकडे एकच नियम आहे असं समजू नका.

आता वजनाचं बघू. गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत आणि 'व्यापारी मात्रा' वीस किलोच्या पुढे. चरसासाठी हेच आकडे 100 ग्रॅम आणि एक किलो. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं सक्तमजुरी, शिवाय कलम 37 मुळे जामीन जवळपास अशक्य. मग पंचनाम्यात बावीस किलो लिहिलं आणि त्यात देठ, मुळं, ओली पानं सगळं एकत्र असलं, तर? बचाव पक्ष नेमकं इथेच बोट ठेवतो : शेंडे वेगळे करून तोलले का? शिवाय 2020 साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थाचं वजनही धरायचं. म्हणजे आरोपीची वर्षं ठरतात ती काट्यावरच्या किलोंवरून. त्या मालात नशा आणणारं टीएचसी 2 टक्के होतं की 20, याने शिक्षेची पायरी बदलत नाही.

औषधाचं गणित याच्या अगदी उलट चालतं. तिथे पान की फुलोरा हा प्रश्न दुय्यम. किती मिलिग्रॅम टीएचसी, किती मिलिग्रॅम सीबीडी (त्याच झाडातलं, नशा न आणणारं रसायन), एवढंच विचारतात. हे रेणू तयार होतात मादी फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये. भिंगातून त्या टाचणीच्या डोक्यासारख्या चमकताना दिसतात. फुलोऱ्याला चिकटून असलेल्या छोट्या पानांवरही त्या असतात, खालच्या मोठ्या पानांवर फार विरळ. कायद्याने पान आणि शेंडा यांच्यात ओढलेली रेघ या ग्रंथी पाळत नाहीत.

ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच, असतं ते टीएचसीए, म्हणजे त्याचं आम्लरूप. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वजन घटतं म्हणून हिशेबात 0.877 ने गुणतात. समजा प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसी 0.05 टक्के आणि टीएचसीए 0.40 टक्के आहे. वरवर पाहणारा म्हणेल, शेतीच्या परवान्यातल्या 0.3 टक्के टीएचसीच्या मर्यादेत आहे. पण 0.40 गुणिले 0.877 म्हणजे 0.35, त्यात 0.05 मिळवा, एकूण 0.40. पीक नापास. पद्धतीचाही फरक पडतो. घटक वेगळे करून मोजायच्या दोन पद्धती आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, त्यामुळे आम्लरूप यंत्रातच बदलतं आणि एकत्र आकडा येतो. एचपीएलसी या द्रवातल्या पद्धतीत दोन्ही वेगळे दिसतात. अहवाल हातात आला की आधी पद्धत वाचा, आकडा मागाहून.

0.3 टक्के ही मर्यादा उत्तराखंडने हेम्पच्या, म्हणजे कमी टीएचसीच्या कॅनॅबिसच्या, शेतीला परवाने देताना ठेवली. धाग्यासाठी किंवा बियांसाठी लावलेलं पीक त्यात बसू शकतं. सीबीडीसाठी लावलेलं पीक हमखास अडचणीत येतं. कारण सीबीडीच्या वाणातही टीएचसी साधारण वीस-पंचवीसास एक या प्रमाणात सोबत येतंच. सीबीडी 8 टक्क्यांवर गेलं की टीएचसी 0.32 ते 0.40. म्हणजे पीक जितकं उत्तम, तितकं बेकायदेशीर! शेतकऱ्याकडे उपाय दोनच. फुलोरा धरल्यापासून दर आठवड्याला शेंड्यांचे नमुने तपासायचे, किंवा सीबीडी थोडं कमी पत्करून लवकर कापणी करायची. त्यात हिमालयाच्या पायथ्याशी भांग रानोमाळ आपोआप उगवते. तिचा पराग वाऱ्यावर येतो, मादी झाडं बी धरतात, फुलोऱ्यातला अर्क घटतो, आणि त्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा राहत नाही. बी दरवर्षी प्रमाणित स्रोताकडूनच घ्यावं लागतं ते यासाठी.

कापणीनंतरचं काम निगुतीचं आहे. फुलोरा अंधाऱ्या खोलीत 18 ते 20 अंशांवर, 50 ते 60 टक्के आर्द्रतेत दहा-बारा दिवस हळू वाळवतात. उन्हात टाकला तर प्रकाश आणि हवेने टीएचसी मोडून सीबीएन हे दुसरं रसायन बनू लागतं. ओलसर राहिला तर अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते. केमोथेरपी चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि हाच रुग्ण या औषधाचा मोठा ग्राहक मानला जातो. शिवाय हे झाड जमिनीतलं कॅडमियम, शिसं शोषून घेतं. दहा किलो पाल्याचा एक किलो अर्क काढला, तर असे जड धातू आणि कीटकनाशकंही त्यासोबत दाट होऊ शकतात. म्हणून पाला पास झाला तरी अर्काची चाचणी पुन्हा करावीच लागते.

आता बाटलीकडे येऊ. भारतात आज वैद्याच्या चिठ्ठीवर 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) अर्काचं तेल मिळतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे. त्यामुळे अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. उत्पादक म्हणतात, आम्ही फक्त पानांचा अर्क वापरतो. ठीक. पण कायद्यातली चरसाची व्याख्या पुन्हा वाचा : कॅनॅबिसच्या झाडापासून मिळवलेली वेगळी राळ, कच्ची वा शुद्ध, शिवाय तिचे दाट अर्क. तिथे 'पानं वगळून' असे शब्द नाहीत. टीएचसी स्वतंत्रपणे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीतही आहे. माझ्या मते हा सगळा उद्योग या दोन व्याख्यांमधल्या फटीत उभा आहे. ती फट मोकळ्या मनाने बुजवायला कोणी पुढे येत नाही, कारण आज ती सगळ्यांच्याच सोयीची आहे.

रुग्णाला मात्र ती महागात पडू शकते. 30 मिलीच्या बाटलीवर '3000 मिलिग्रॅम विजया अर्क' एवढंच लिहिलं आहे असं धरा. अर्कात टीएचसी 50 टक्के असेल तर बाटलीत 1500 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 50. एका मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे थेंबाला अडीच मिलिग्रॅम. अर्कात 5 टक्केच असेल तर दहा थेंबांना मिळून अडीच. नवख्यासाठी अडीच मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा. पहिल्या बाटलीचे दहा थेंब कोणी घेतले तर 25 मिलिग्रॅम पोटात जातील. छाती धडधडणं, भीतीचा झटका, भोवळ येऊन पडणं, सगळं शक्य आहे. वयस्कर माणसाच्या बाबतीत पडणं म्हणजे खुब्याचं हाड. दुसरी चूक घाईची. तोंडावाटे घेतल्यावर परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. तासाभरात 'काहीच होत नाही' म्हणून माणूस पुन्हा घेतो आणि दोन्ही मात्रा एकदम चढतात. होळीला रुग्णालयात येणाऱ्यांचीही हीच कथा. लेबलवर तरी विसंबावं का? 2017 साली अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 84 सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. जेमतेम 31 टक्के लेबलं बरोबर निघाली, आणि 18 उत्पादनांत टीएचसी आढळलं.

उपयोग कशावर होतो? लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या लहान मुलांतल्या हट्टी अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचा, इथे पुरावा भक्कम आहे. एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली. दर किलो वजनाला अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एका आठवड्यानंतर पाच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सोबत व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचं दुसरं औषध असेल तर यकृताची तपासणी चुकवायची नाही. क्लोबाझाम हे तसंच औषध असेल तर गुंगी वाढते. केमोथेरपीतली मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, इथेही आधार आहे. जुनाट वेदनांवर तज्ज्ञांत एकमत नाही. 2017 च्या अमेरिकी अकादमींच्या अहवालाने अनुकूल मत दिलं, तर वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये शिफारस करायला नकार दिला. मधुमेह, कर्करोग 'बरा' करण्याचे दावे जाहिरातीतच राहू द्या. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये, रक्त पातळ होण्याचं प्रमाण वाढतं.

बाहेरच्या देशांपैकी थायलंड नीट अभ्यासण्यासारखा आहे. जून 2022 मध्ये त्यांनी झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढलं, पण विक्रीचा सविस्तर कायदा तयारच नव्हता. दुकानं गल्लोगल्ली निघाली आणि 2025 मध्ये फुलोऱ्यासाठी चिठ्ठी सक्तीची करावी लागली. कॅनडाने 2018 साली उलट क्रम ठेवला : आधी परवाने, चाचण्या, पाकिटं, मग विक्री. गोव्यात 2020 च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला तेव्हा भांडण झालं ते संस्कृती आणि पर्यटनावर. प्रयोगशाळा कोण चालवणार, हे फारसं कोणी विचारलं नाही.

आणि एक प्रश्न तर कुठल्याच बाजूच्या कागदावर नसतो. नियमित टीएचसी घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष नशा उतरल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतात. मोटार वाहन कायद्यात दारूसाठी 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अशी रेघ आहे. अमली पदार्थांसाठी आकडा नाही, 'वाहनावर नीट ताबा ठेवता येत नाही इतपत अंमल' एवढीच भाषा आहे. वैद्याच्या चिठ्ठीने रात्री विजया घेणाऱ्या एसटी चालकाची लघवी चौथ्या दिवशी तपासली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर आगारप्रमुखाने त्याला गाडी द्यायची की नाही?