कलाहारीचे ऑरिक्स, न्यू मेक्सिकोच्या रानात

(दृश्य: उजाडण्यापूर्वीचं माळरान. वाऱ्याचा आवाज.)

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचं तुलारोसा खोरं. गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकवून गाईड दुर्बिणीतून समोरचं रान चाळतोय. ही सरकारी जमीन आहे, परवाना असेल त्याला इथं शिकार करता येते. मात्र पलीकडे व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी तळाची हद्द लागते. ती चुकून ओलांडली तरी गुन्हा, म्हणून गाईडचं एक लक्ष नकाशावर.

सगळीकडे मेस्किटची झुडपं, आपल्या वेड्या बाभळीची भाऊबंद. त्यातून आधी एक चेहरा दिसतो. पांढऱ्यावर काळे पट्टे, मुखवटा चढवल्यासारखे. मग दोन सरळसोट शिंगं, जवळजवळ तीन फूट लांब. हा गेम्सबॉक, ऑरिक्स या हरणासारख्या मोठ्या जनावरांच्या कुळातला. मूळचा आफ्रिकेतल्या कलाहारीचा.

तो स्वतःहून आला नाही. १९६९ ते १९७७ या काळात राज्याच्या शिकार खात्यानं नव्वदहून थोडे जास्त ऑरिक्स या तळावर सोडले. याच तळाच्या उत्तर टोकाला १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुस्फोट झाला होता. या कोरड्या खोऱ्यात शिकारीजोगी मोठी जनावरं कमी, ती बाहेरून आणावीत, असा विचार होता. मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक हिबेन यांनी तो उचलून धरला.

पण कलाहारीत सिंह आहेत, तरस आहेत. इथं पुमा हे मोठं रानमांजर आहे, तेही त्या शिंगांच्या वाटेला क्वचितच जातं. ऑरिक्सला पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढता येतात. अंगाचा ताप ४५ अंशांवर गेला तरी त्याचा मेंदू थंड राहतो, कारण तिकडं जाणारं रक्त वाटेत नाकाजवळच्या शिरांमुळे निवतं. वीण वर्षभर चालते, आणि व्यायल्यावर मादी थोड्याच दिवसांत पुन्हा गाभण राहते. नव्वदांचे हजारो झाले. शेजारच्या जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या वाचवायला शंभर किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं.

टेक्सासातही हेच घडलं, आणि तिथलं जनावर आपल्या ओळखीचं आहे: नीलगाय. विदर्भात जिला रोही म्हणतात, तीच. प्राणिसंग्रहालयातून तिथल्या कुरणांत सोडलेल्या नीलगायी आज हजारोंनी आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की मन आक्रसतं. माझंही आक्रसतं. या जनावराचा काडीचाही दोष नाही, हौस माणसाची होती. तरीही इथली शिकार बंद करा, असं मला म्हणवत नाही. सिंहाचं काम कुणाला तरी करावंच लागतंय.

तळावरच्या बहुतेक शिकारींचा परवाना सोडतीत निघतो, आयुष्यात एकदाच. आत जाण्याआधी न फुटलेल्या दारूगोळ्याबद्दल बजावून सांगतात. बाहेरच्या सरकारी जमिनीवर मात्र महिन्यामहिन्याला शिकार चालते, त्यामुळे इथले ऑरिक्स बुजरे. गाडीचं दार वाजलं तरी उधळतात. गाईडची खरी कसोटी इथंच. वारा तोंडावर ठेवायचा, ओहोळाच्या तळातून वाकून सरकायचं. नर-मादी ओळखणंही सोपं नाही, शिंगं दोघांनाही. मादीची बारीक, आणि बऱ्याचदा नरापेक्षा लांब.

(दृश्य: ओहोळाचा काठ. बंदुकीचा बार. शांतता.)

जनावर कोसळलं, तरी गाईड शिकाऱ्याला हातानं थोपवतो. जखमी ऑरिक्स मान खाली घालून शिंगं पुढं करतो, समोरून जायचं नाही. दोघं मागून वळसा घेतात. डोळ्याची पापणी हलत नाही, याची खात्री झाल्यावरच गाईड गुडघ्यावर बसतो.

पुढची मेहनत खूप वेळ चालते. कातडं सोलायचं, मांसाचे भाग करायचे, पाठीवर बांधून गाडीपर्यंत न्यायचे. ऊन चढायच्या आत.

टेकाडावर उरलेला कळप थांबलेला. झुडपात दडवलेलं एक पाडस बाहेर येतं, तांबूस रंगाचं. तोंडावर अजून काळे पट्टे उमटलेले नाहीत. आईच्या मागोमाग ते उतारापलीकडे दिसेनासं होतं.