ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना वाचून दाखवा

नमस्कार, श्रोतेहो.

मार्चअखेर उलटली की स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांत दोन कामे एकदमच सुरू होतात. हिशेब लेखापरीक्षकांकडे जातात आणि वार्षिक अहवालाचे लेखन कोणाच्या तरी गळ्यात पडते. बहुतेक वेळा ते एखाद्या तरुण कार्यकर्त्याकडे येते, नाहीतर माझ्यासारख्या बाहेरून मदत करणाऱ्या लेखकाकडे. आज मी या लेखनाविषयीच बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी निघतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते आणि मजुरीच्या हिशेबात नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चारपाच महिने निघतात. मुलांची शाळा तुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. अशा कामासाठी मदत मिळावी म्हणून मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेला पत्रक लिहून दिले आणि त्यात नववीतल्या एका मुलीविषयी ‘उपाशीपोटी झोपणारी’ असे शब्द वापरले. पत्रकावर तिचे छायाचित्रही होते. देणग्या चांगल्या आल्या, पण पत्रक तिच्या शाळेतही पोहोचले. पुढच्या भेटीत तिने मला विचारले, “सर, आमच्या घरी ज्वारी असते. तुम्ही उपाशी का लिहिलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी संस्थांचे जुने अहवाल निराळ्या नजरेने वाचू लागलो, आणि एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. देणगीदारांचा उल्लेख येतो तेव्हा आपण ‘त्यांनी मोलाचे सहकार्य केले’ असे आदरार्थी बहुवचन न चुकता वापरतो. त्याच पानावर पन्नाशीची बचतगटाची अध्यक्ष मात्र ‘ती’ होते. ‘तिने शेळ्या घेतल्या, तिला आनंद झाला’. समोर बसल्यावर आपण या बाईंना ‘ताई, तुम्ही’ म्हणतो, त्यांच्या हातचा चहा पितो, आणि कागदावर आल्याबरोबर त्यांचे बहुवचन काढून घेतो. मराठीत आदर क्रियापदात असतो, त्यामुळे ही गोष्ट लपत नाही. अहवाल छापायला देण्यापूर्वी केवळ ‘ती’ आणि ‘तो’ यांसाठी एकदा सगळी पाने चाळावीत, असे मी प्रत्येक कार्यकर्त्याला सांगतो. लहान मुलांच्या बाबतीत एकवचन स्वाभाविक आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत नाही.

दुसरी खोड ‘करण्यात आले’ या शब्दांची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या निधीमुळे अनेक चांगली कामे उभी राहिली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्याबरोबर इंग्रजी नमुन्यातले अहवालही आले, आणि आता बऱ्याच संस्था आधी इंग्रजीत लिहून मग मराठी करतात. मग ‘लाभार्थ्यांची क्षमताबांधणी करण्यात आली’ असे वाक्य जन्माला येते. कोणी केली, कोणाची केली, त्या दिवशी नेमके काय घडले, यातले काहीही त्या वाक्यातून कळत नाही. ‘अठरा महिलांनी बँकेची स्लिप स्वतः भरली’ असे लिहिले तर देणगीदाराला काम दिसते आणि त्या महिलांनाही आपले काम ओळखू येते.

अहवाल कोण वाचेल याचा अंदाज आपल्याला कधीच नसतो. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. ती वाचून त्यांच्या मनात जो विचार पक्का झाला, तो त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात मांडला आणि १९१६ मध्ये भारतीय महिला विद्यापीठ सुरू झाले. एका देशातल्या संस्थेची माहिती दुसऱ्या देशातल्या संस्थेचे बीज ठरली. म्हणून काम कसे केले, किती खर्च आला, कुठे अडले, हे नीट लिहून ठेवावे. आपला अहवाल उद्या दुसऱ्या तालुक्यात हेच काम सुरू करू पाहणाऱ्या माणसाच्या हाती पडू शकतो. अडलेले लिहायला संस्था घाबरतात, पण माझ्या अनुभवात त्यामुळे देणगीदार तुटलेला मी पाहिलेला नाही.

मुलांविषयी लिहिताना कायद्याचे भान हवेच. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते. केवळ नाव बदलून भागत नाही, कारण गावाचे नाव आणि आईचा व्यवसाय एवढ्यावर शेजारी मूल ओळखतात.

आता मी एकच पद्धत पाळतो. मजकूर तयार झाला की तो घेऊन परत जातो आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. याला एक दिवस जातो आणि एस.टी.चे भाडे लागते. संस्थेने अंदाजपत्रकात ते धरावे.

गेल्या हंगामात एका वसतिगृहाच्या ओट्यावर मी असाच वाचत होतो. मुले भोवती बसली होती आणि एका मुलीच्या आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. ‘आईवडील तोडणीला गेल्यावर मुलीला वसतिगृहात ठेवण्यात आले,’ असे वाक्य आले. मीही त्याच खोडीत सापडलो होतो. आजींनी हात वर करून मला थांबवले. “ठिवली न्हाई,” त्या म्हणाल्या, “ती राहिली. टॅक्टर निघाला तवा खाली उतरली अन् म्हनली, मी न्हाई येत, माझी साळा हाय.”

मी वाक्य खोडले आणि आजींचे शब्द त्यांना विचारून जसेच्या तसे लिहून घेतले. अहवालात ते तसेच छापले आहेत.

नमस्कार.