आत्ता मी कोणत्या भूमिकेत आहे?

मित्रहो, २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्यं आहेत, सोबत १२ तत्त्वं आहेत. मी अजाइल कोच आहे, म्हणजे ही पद्धत अंगवळणी पाडायला टीमला मदत करतो; ‘कोच’ हा शब्द मात्र त्यात कुठेही नाही. हे काम पुढे, टीम अडत गेल्या तसं आकाराला आलं. लिसा अ‍ॅडकिन्स आणि मायकेल स्पेड यांनी २०११ मध्ये त्याचा जो आराखडा मांडला, त्यात शिकवणं, मेंटॉरिंग (आपल्या अनुभवातून सल्ला देणं), फॅसिलिटेशन (बैठक चालवणं) आणि कोचिंग (प्रश्न विचारून टीमलाच उत्तर शोधू देणं) अशी चार कौशल्यं वेगवेगळी दाखवली आहेत. ती वेगळी का ठेवली, हे मला फार उशिरा कळलं.

शिकवण्याचं सोपं आहे. स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) जास्तीत जास्त महिन्याचा, डेली स्क्रम (टीमची रोजची बैठक) १५ मिनिटांचा, हे ज्याला माहीत नाही त्याला सरळ सांगावं. तिथे ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारत बसणं म्हणजे त्याचा छळ आहे.

अवघड पुढचं. कुठलं काम कुठल्या टप्प्यात आहे ते दाखवणाऱ्या एका टीमच्या बोर्डावर टेस्टिंगचा रकाना कायम तुंबलेला असायचा. मी अनुभवी माणूस. पाहिल्या पाहिल्या सांगून टाकलं की तिथे एका वेळी तीनच कामं ठेवा. रकाना मोकळा झाला. दोन महिन्यांनी परत गेलो तर पुन्हा तुंबलेला. विचारलं, तर एक जण म्हणाली, “ती मर्यादा तुमची होती, सर.” ते मला लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी न मागता मी सल्लागार झालो होतो.

मग रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या बैठकीत, मी एकच प्रश्न विचारला: “या रांगेतलं सगळ्यात जुनं काम कशासाठी थांबलंय?” कुणीच बोलेना. अशा वेळी शांतता मोडायची फार इच्छा होते; ती आवरणं हेही कौशल्यच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण. शेवटी टेस्टर म्हणाला, “सगळं काम माझ्याकडे स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत येतं.” बाकीच्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः चारची मर्यादा ठरवली आणि ती टिकली.

तेव्हापासून मी आधी विचारतो, “सल्ला हवाय, की मी नुसते प्रश्न विचारू?” बैठक चालवत असताना मत द्यावंसं वाटलंच, तर आता चालकाची जागा सोडून बोलतोय, असं सांगून देतो. नाहीतर हातात मार्कर असलेल्याचं मत हाच निर्णय ठरतो.

आणखी एक. टीममध्ये कच्चं कोण, असं मॅनेजर कधी ना कधी विचारतोच. त्याला एकदा जरी नाव सांगितलं, तर पुढच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी टीम आणि मॅनेजर दोघांना समोरासमोर बसवून सांगतो.