बोटांना काय कळतं

शर्टाचं सगळ्यात वरचं बटण. ते गळ्याशी असतं, त्यामुळे लावणाऱ्याला दिसत नाही. एक बोट काजाची कड चाचपतं, अंगठा बटण जरासं तिरकं करून पुढे सारतो आणि पलीकडच्या बोटाला ते बाहेर आल्याचं कळतं. मन भलतीकडेच असतं, तरी बटण लागतं.

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले संशोधक रोलंड योहान्सन यांनी एका स्त्रीला काडेपेटीतली काडी पेटवायला सांगितलं. काही सेकंदांत काडी पेटली. मग तिची बोटांची पेरं औषधानं बधिर केली. हाताचे स्नायू शाबूत, डोळ्यांना सगळं स्पष्ट दिसतंय, तरीही काडी धरता धरवेना. ती चित्रफीत पाहताना आपलाच श्वास रोखला जातो.

पेरांच्या कातडीत असं काय आहे, की ते गप्प झालं तर हात परका वाटू लागतो?

तिथे दाब ओळखणारे चार प्रकारचे संवेदक आहेत. मेर्केल पेशी कडा आणि उंचवटे टिपतात. ब्रेलचे जेमतेम अर्धा मिलिमीटर उंचीचे ठिपके वाचता येतात ते मुख्यतः त्यांच्या जोरावर. माइसनर कणिका हातातली वस्तू किंचित निसटू लागली की खबर देतात आणि आपल्या ध्यानात येण्याआधीच पकड घट्ट होते. कातडी ताणली गेल्याचं रुफिनीच्या तंतुटोकांना कळतं.

चौथ्या प्रकाराशी मात्र थोडं थांबायला हवं. 1831 साली इटलीतला फिलिपो पाचिनी हा वैद्यकाचा विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. हाताच्या मज्जातंतूंना लगडलेले बारीक पांढुरके दाणे त्याला दिसले. साधारण 1 मिलिमीटर लांबीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसणारे. आज त्यांना पाचिनी कणिका म्हणतात. एक कणिका उभी कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, पापुद्र्यांमध्ये द्रव आणि गाभ्यात मज्जातंतूचं एकच टोक. एकसारखा दाब पडत राहिला तर पापुद्रे तो जिरवून टाकतात. कंप मात्र थेट गाभ्यापर्यंत जातो. सेकंदाला 200 ते 300 कंपनं असतील, तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी हालचालही तिला पुरते.

पेन हातात घ्या, डोळे मिटा आणि कागदावर एक रेघ ओढा. कागदाची खरखर कुठे जाणवली? पेनाच्या टोकाशी. तिथे तर एकही मज्जातंतू नाही! पेनातून वर चढलेला कंप बोटांतल्या कणिकांनी टिपला आणि मेंदूनं ती जाणीव उचलून टोकावर नेऊन ठेवली.

ओलेपणाचंही असंच आहे. ओलं ओळखणारा वेगळा संवेदक माणसाच्या कातडीत सापडलेला नाही. गारवा, दाब आणि घसरण यांचा मेळ घालून मेंदू ‘ओलं’ असं ठरवतो. दोरीवरचे गार कपडे वाळलेत की अजून दमट आहेत, हे हात लावूनही चटकन सांगता येत नाही, ते याचमुळे.

पण दाबाचा विद्युतसंदेश होतो कसा? हे कोडं फार काळ सुटलं नव्हतं. 2010 साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत आर्डेम पॅटापुटियन आणि बर्ट्रांड कोस्ट यांनी अशा पेशी घेतल्या, ज्यांना काचेच्या अतिसूक्ष्म नळीनं टोचलं की क्षीण विद्युतप्रवाह उमटायचा. संशयित जनुकं 72. एक बंद करायचं, पेशीला टोचायचं, प्रवाह मोजायचा आणि पुढच्या जनुकाकडे वळायचं. किती चिकाटी लागली असेल! अखेर एक जनुक बंद केल्यावर पेशी टोचूनही गप्प राहिली. त्याला नाव मिळालं पिएझो 1. पाठोपाठ त्याचं भावंड पिएझो 2 सापडलं आणि स्पर्शाची किल्ली याच्याकडे आहे, हे पुढे स्पष्ट झालं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पटलात तीन पात्यांच्या पंख्यासारखं बसलेलं असतं. पटल ताणलं की मधलं छिद्र उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पॅटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं; ज्युलियस यांनी उष्णता ओळखणारं प्रथिन शोधलं होतं.

काही मोजक्या माणसांत पिएझो 2 जन्मापासूनच काम करत नाही. अशा रुग्णांवरचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. डोळे उघडे असतील तर ही माणसं चालू शकतात. डोळ्यांवर पट्टी बांधली की तोल जातो, कारण आपले हातपाय कुठे आहेत हे सांगणारी सांध्यांची आणि स्नायूंची जाणीवही याच प्रथिनावर चालते.

कातडीत आणखी एक संथ वाट आहे. वस्तूंची माहिती नेणारे जाड तंतू सेकंदाला 35 ते 75 मीटर धावतात. केसाळ कातडीतले काही बारीक तंतू सेकंदाला जेमतेम 1 मीटर. काड्या पेटवायला किंवा बटणं लावायला त्यांचा काहीच उपयोग नाही. हळुवार कुरवाळलं की ते सर्वाधिक जागे होतात, तेही हात सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर इतक्या वेगानं फिरला तर, आणि फिरणारा हात कातडीइतकाच उबदार असला तर. आईबापांना नुसतं ‘बाळाला कुरवाळा’ इतकंच सांगून संशोधकांनी त्यांच्या हाताचा वेग मोजला. कुणी काही शिकवलेलं नसताना तो याच मर्यादेत भरला.