मिस शिलिंगची चकती आणि माझी चाकांची खुर्ची

पत्रिकेत माझा विषय ‘सिम्युलेटरमधून इतिहास’ असा भारदस्त छापलाय, पण मंडळी, मी काही इतिहासाचा माणूस नाही, मी संध्याकाळी सातनंतर स्पिटफायर उडवणारा माणूस आहे. मागे ऐकू येतंय ना? बरं. वीस मिनिटं दिलीत, त्यातली पाच सेक्रेटरींनी माझी ओळख करून देण्यातच खाल्ली.

तर डीसीएस नावाचं सिम्युलेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ, त्यात विमानं सुटी सुटी विकत घ्यायची असतात. मी स्पिटफायर मार्क नाइन घेतलं, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. किंमत विचारू नका, घरची मंडळी पहिल्या रांगेत बसलीत. पण एक सांगतो, मी पैसे मोजले ते त्या विमानाच्या खोडींसाठी, आणि त्या अगदी पुरेपूर मिळाल्या.

माझी समजूत अशी की लढाऊ विमान म्हणजे स्टिक ओढली की आकाशात. अहो कसलं! पहिल्या दिवशी थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवायचा दांडा, दणक्यात पुढे केलं, ते 27 लिटरचं मर्लिन इंजिन असं काही गरजलं की खालच्या मजल्यावरून फोन आला, मिक्सर बंद करा म्हणून, आणि विमान रनवे सोडून डावीकडे गवतात. दुसऱ्यांदा पण गवतात. तिसऱ्यांदा पंख टेकून कलंडलं. एवढा मोठा पंखा फिरतो ना, तो नाक डावीकडे ओढतो, तेव्हा उजवं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायाने दाबून धरायचं, तेही बेताबेताने, जास्त दाबलं की उजवीकडचं गवत आहेच. त्यात चाकं दोन्ही जवळजवळ, म्हणजे पाय जुळवून बसमध्ये उभा राहिलेला माणूस समजा.

मग मी पायाचे पेडल आणले. आता खरी गंमत. माझी खुर्ची चाकांची. उजवा पाय दाबला की पेडल जागच्या जागी आणि मी खुर्चीसकट मागे, थेट कपाटापर्यंत! स्क्रीनवर विमान डावीकडे चाललंय आणि पायलट बेडरूमच्या दिशेने. मुलगा दारात उभा, म्हणाला बाबा, विमान राहू द्या, तुमचंच टेकऑफ होतंय. शेवटी खुर्चीच्या पाच चाकांखाली पाच जुन्या चपला घातल्या (सहावी अजून घरात फिरते, टाकवत नाही), आणि पेडल पुढे सरकायला लागले म्हणून त्यांच्यात आणि भिंतीत जेवायचा पाट अडकवला. ज्या पाटावर बसून मुंजीत मी मातृभोजन केलं, त्याच्याच जोरावर अखेर हवेत गेलो. सेटिंगमध्ये टेकऑफला मदत करणारा पर्याय आहे हे मुलाने नंतर दाखवलं. लावला नाही. साच्यातला मोदकही गोडच असतो, पण कळ्या हाताने पाडायच्या.

जमिनीवरसुद्धा याचे नखरे. नाक इतकं लांब की समोरचं दिसतच नाही, म्हणून नागमोडी जायचं. ब्रेक स्टिकवर, सायकलसारखा लिव्हर, हवेवर चालतो, सोडला की एसटीसारखं फुस्स. आणि रेंगाळलात की इंजिन तापलंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत.

1940, ब्रिटनवरची हवाई लढाई. तेव्हाच्या मर्लिनला फ्लोटचा कार्ब्युरेटर, म्हणजे तरंगत्या गोळ्याने पेट्रोलची पातळी राखणारा, जर्मनांच्या मेसरश्मिट 109 या लढाऊ विमानाला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने थेट इंजिनात. मागे स्पिटफायर लागलं की जर्मन सरळ नाक खाली दाबून सटकायचा. स्पिटफायरमधून आपण तसंच दाबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळणार, इंजिन उपाशी, आणि नंतर फ्लोट उलटे वागून इतकं पेट्रोल सोडणार की गुदमरून काळा धूर. म्हणून आधी विमान पालथं करायचं आणि मग खाली, तोवर तो पसार. 1941 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या इंजिनिअर बिअट्रिस शिलिंग यांनी काय केलं, तर भोक असलेली एक छोटीशी चकती बसवली, पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच पेट्रोल जाईल, जास्त नाही. दुखणं मुळातून गेलं नाही, पण गुदमरणं थांबलं. बाई स्वतः ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी 100 मैलांच्या वर पळवलेल्या, त्यांच्यावर खरं एक वेगळं व्याख्यान ठेवा.

हे सगळं मला वाचून पाठ होतं. पण मार्क नाइनचं मर्लिन 66 खोकतच नाही, त्याचा कार्ब्युरेटर सुधारलेला. म्हणून ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये जुनं स्पिटफायर मार्क वन घेतलं, एका 109 च्या मागे लागलो, त्याने नाक दाबलं, मीही दाबलं, पाठ असूनसुद्धा दाबलं, आणि हेडफोनमध्ये एकदम आवाज गेला. सेकंदभरच असेल. माझा हात आपोआप थ्रॉटलवर, जणू ढकलून उपयोग होता. इंजिन परत लागलं तेव्हा समोर नुसता समुद्र.

स्पिटफायर आपल्या हवाई दलाकडेही होती, 1947 ला काश्मीरमध्ये उडाली, ते राहिलंच. असो. शेजारच्या खोलीत सगळं मांडून ठेवलंय, चहा घेऊन या. खुर्ची हॉलचीच आहे, बिनचाकांची. पाट मात्र घरून आणलाय.